गोवा : उन्हाचे चित्र आणि पावसाचा इतिहास

गोवा म्हटले की डोळ्यांसमोर ऊन येते. निळा समुद्र, कललेले माड, पांढरी चर्चे आणि या सर्वांवर पसरलेले लख्ख ऊन. गेल्या पन्नास-साठ वर्षांत भित्तिपत्रकांनी, चित्रपटांनी आणि प्रवासवर्णनांनी हे चित्र इतके पक्के करून टाकले आहे की, त्याविषयी शंका घ्यावी असे कोणाच्या मनातही येत नाही. चित्र खोटे नाही. ऑक्टोबर ते मे या काळात गोव्यात ऊन भरपूर असते. परंतु ज्यांनी ते रंगवले ती बहुतेक मंडळी पाऊस संपल्यावर येणारी आणि पाऊस लागण्यापूर्वी परतणारी होती. साहजिकच जून ते सप्टेंबर हे चार महिने या चित्रातून गळून पडले. आम्हांस असे वाटते की, गोव्याचा इतिहास, तेथील माणसे आणि तेथील वाङ्मय समजून घ्यायचे असेल तर या गळून पडलेल्या चार महिन्यांपासून सुरुवात करावी लागेल.

बा. द. सातोस्करांनी आपल्या ग्रंथाला ‘गोमंतक : प्रकृती आणि संस्कृती’ असे नाव दिले. त्यातील शब्दांचा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. आधी प्रकृती, मग संस्कृती. आपण साहित्याचे विद्यार्थी बहुधा हा क्रम उलटा लावतो. संस्कृतीपासून, म्हणजे भाषा, धर्म आणि राज्यकर्ते यांच्यापासून आरंभ करतो आणि निसर्ग हा कवितेतील पार्श्वभूमीपुरता शिल्लक ठेवतो. प्रस्तुत लेखात आम्ही सातोस्करांचा क्रम पाळणार आहोत.

गोव्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर. महाराष्ट्रातील बहुतेक जिल्हे याहून मोठे आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १४,५८,५४५. पूर्वेस सह्याद्री आणि पश्चिमेस समुद्र यांच्यामध्ये जेमतेम साठेक किलोमीटरची जमीन, आणि तिच्यावर वर्षाला सरासरी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. घाटमाथ्यालगत तो याहूनही अधिक असतो. यातील जवळजवळ सारा पाऊस चार महिन्यांत पडून जातो. मांडवी आणि जुवारी या दोन मुख्य नद्या, त्यांच्या जोडीला तेरेखोल, शापोरा, साळ, तळपण, गालजीबाग. सगळ्याच आखूड. पावसाळ्यात त्या तांबड्या मातीने भरून वाहतात. पावसाळा सरला की त्यांचा जोर ओसरतो आणि समुद्राची भरती नदीच्या पात्रातून कित्येक किलोमीटर आत शिरते. म्हणजे नदीकाठच्या सखल जमिनीला वर्षातून दोन संकटे ठरलेली. वरून येणारे गोडे पाणी तिला बुडवते आणि खालून येणारे खारे पाणी तिला नापीक करते. या दोहोंच्या मध्ये माणसाने भात कसे पिकवावे, हा गोव्याच्या इतिहासापुढील पहिला प्रश्न होता. अल्बुकर्क, आदिलशहा आणि कदंब यांचे प्रश्न त्यानंतरचे.

या प्रश्नाचे उत्तर म्हणजे खाजण. हा शब्द कोकणातील मराठी वाचकांस परका नाही. भरतीच्या पाण्याखाली जाणारी दलदल बांध घालून समुद्राकडून हिसकावून घ्यायची आणि तिचे शेत करायचे, ही ती रीत. चिखल, पेंढा, जांभा दगड आणि खारफुटीची मुळे यांच्या आधाराने बांध उभा राहतो. बांधाला दारे असतात. त्यांस कोकणीत ‘मानस’ म्हणतात. भरती चढू लागली की बाहेरील पाण्याच्या दाबानेच मानशीची लाकडी दारे मिटतात. ओहोटी लागली की आतील पाण्याच्या दाबाने ती उघडतात आणि शेतातील जादा पाणी नदीत निघून जाते. पावसाळ्याचे पहिले पाणी जमिनीतील मीठ धुऊन नेते आणि मग भाताची पेरणी होते. थोडाफार खारटपणा सोसणारे ‘कोरगुट’ हे वाण याच जमिनींतले. मानशीजवळच्या पाण्यात जी मासळी सापडते तिच्या हक्काचा लिलाव होई आणि त्या उत्पन्नातून बांधाच्या दुरुस्तीचा खर्च भागे. काही ठिकाणी खाजणाला लागूनच मिठागरे असत. अशा प्रकारची जमीन गोव्यात सुमारे अठरा हजार हेक्टर होती असे मानले जाते. ही रीत किती जुनी आहे, याचा पुरावा बांदोड्याच्या ताम्रपटात मिळतो. सहाव्या शतकाच्या सुमाराच्या या ताम्रपटात खाजण जमिनीच्या दानाचा उल्लेख आहे. म्हणजे दान देण्याजोगी खाजणे तेव्हाच अस्तित्वात होती. ती कोणी घडवली असतील ते ताम्रपट सांगत नाही. ताम्रपटात देणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे नाव असते, चिखल वाहणाऱ्याचे नसते. गोव्यातील गावडे, कुणबी आणि वेळीप हे समाज तेथील सर्वांत जुन्या रहिवाशांपैकी मानले जातात, आणि शेतीतील कष्टाचे काम पिढ्यान्पिढ्या त्यांच्याच वाट्याला आले. त्यांस अनुसूचित जमातींचा दर्जा मिळाला तो २००३ साली.

बांध एकट्याने घालता येत नाही आणि एकट्याने राखताही येत नाही. एका शेतकऱ्याने हयगय केली आणि बांधाला भगदाड पडले तर खारे पाणी साऱ्या गावाच्या शेतात शिरते. या साध्या वस्तुस्थितीतून गोव्याच्या ग्रामसंस्थेने आपले रूप घेतले. तिला ‘गांवकारी’ म्हणत, पोर्तुगीज काळात ती ‘कोमुनिदाद’ झाली. जमीन संस्थेच्या मालकीची असे. ती ठरावीक मुदतीने लिलावाने कसावयास दिली जाई. उत्पन्नातून राज्याचा कर, देवस्थानाचा खर्च, बांधबंदिस्ती आणि गावातील कारागिरांचे वेतन भागवले जाई, आणि जे उरेल त्याचा हिस्सा गांवकारांस मिळे. १५२६ साली अफोंसो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने या ग्रामसंस्थांचे रीतिरिवाज एका सनदेत नोंदवून घेतले. जिंकणाऱ्याने जिंकलेल्यांच्या चालीरीती लिहून काढल्या आणि त्या चालू ठेवल्या, याचे कारण औदार्य नव्हे. बांध राखणारी व्यवस्था मोडली असती तर कर भरणारी शेतेच उरली नसती.

दामोदर धर्मानंद कोसंबी हे गोव्यातील कोसबें गावी १९०७ साली जन्मले. ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ या १९६२ च्या ग्रंथात त्यांनी जुन्या काबिजादीतील ग्रामसंस्थांवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. इतिहासाच्या अभ्यासकांत ते प्रसिद्ध आहे, साहित्याच्या वर्गात मात्र त्याची आठवण क्वचितच काढली जाते. पर्जन्य, जमिनीचा प्रकार आणि पीकपद्धती यांतून समाजाची घडण कशी समजून घ्यावी याचा तो वस्तुपाठ आहे. असे असले तरी गांवकारीचे गोडवे गाताना सावध राहिले पाहिजे. ती सर्वांची नव्हती. हिस्सा मिळे तो मूळ वसाहतकारांच्या वंशातील पुरुषांना. बांधावर राबणाऱ्या कित्येकांना तिच्यात ना मत होते, ना वाटा. दुसऱ्याच्या जमिनीवर झोपडी घालून राहणाऱ्या मुंडकारांना कायद्याचे संरक्षण मिळाले ते १९७५ साली. ज्या संस्थेने समुद्र अडवला, तिनेच माणसांनाही अडवून धरले होते, ही गोष्ट विसरता येणार नाही.

आता राज्यकर्त्यांकडे वळू. भोज, कोकण मौर्य, बदामीचे चालुक्य, शिलाहार आणि कदंब अशी गोव्याच्या प्राचीन राजवटींची परंपरा सांगितली जाते. कदंबांनी आपली राजधानी चांदरहून जुवारीच्या काठी गोपकपट्टणाला नेली, म्हणजे नदीकाठचे गाव सोडून ते सागरी व्यापाराच्या वाटेवर आले. तांबडी सुर्ल येथील महादेवाचे देऊळ हे त्या काळाचे आज उभे असलेले स्मारक. पुढे बहामनी, विजयनगर आणि विजापूरचे आदिलशहा यांच्यात हे बंदर हात बदलत राहिले, कारण अरबी घोडे या बंदरातून दख्खनेत येत.

१५१० सालची हकिगत आमच्या मुद्द्याच्या दृष्टीने विशेष बोलकी आहे. अफोंसो द अल्बुकर्कने त्या वर्षाच्या प्रारंभी गोवा शहर घेतले. मे महिन्यात आदिलशाही फौजेने त्याला हुसकावले. तो जहाजांवर चढला, पण तोवर पावसाळा सुरू झाला होता आणि मांडवीचे मुख जहाजांना बंद झाले होते. समुद्रात जाता येईना आणि काठावर उतरता येईना, अशा अवस्थेत त्याचे आरमार पावसाळाभर नदीतच अडकून पडले. पाऊस ओसरल्यावर तो बाहेर पडला आणि २५ नोव्हेंबर १५१० रोजी त्याने गोवा पुन्हा जिंकले. जे साम्राज्य पुढे ४५१ वर्षे टिकले, ते आपल्या पहिल्याच वर्षी पावसापुढे हतबल झाले होते. त्यानंतरही लिस्बनहून निघणारी जहाजे सप्टेंबरच्या सुमारास पोहोचतील अशाच बेताने सुटत आणि हिवाळ्यात परत फिरत. राज्य पोर्तुगालच्या राजाचे असले तरी पंचांग मोसमी वाऱ्यांचे होते.

१५४३ साली बारदेश आणि साष्टी हे तालुकेही पोर्तुगीजांकडे आले. तिसवाडी, बारदेश, साष्टी आणि मुरगाव मिळून जी ‘जुनी काबिजाद’ झाली, ती मुख्यतः खाजणांचा आणि दाट वस्तीचा प्रदेश होती. धर्मांतरे झाली ती प्रामुख्याने येथेच. देवळे पाडली गेली, देवस्थानांच्या जमिनींचे उत्पन्न चर्चकडे वळवण्यात आले आणि १५६० साली धर्मसमीक्षण सभा म्हणजे इन्क्विझिशन सुरू झाले. मधला थोडा काळ वगळता ते १८१२ पर्यंत चालले. देव नदी ओलांडून गेले. कुठ्ठाळीचा मंगेश जुवारीपलीकडे प्रियोळास, केळोशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. तेव्हा नदीपलीकडे राज्य होते आदिलशहाचे. हिंदूंच्या देवांना मुसलमान राजाच्या मुलुखात आसरा मिळाला, ही घटना आजच्या सोप्या वर्गवारीत बसत नाही. म्हणून ती मुद्दाम लक्षात ठेवावी. मागे राहिलेल्यांपैकी पुष्कळ जण ख्रिस्ती झाले. पण भरती पूर्वीसारखीच दिवसातून दोनदा येत होती. धर्मांतर केलेले गांवकार गांवकारच राहिले आणि बांधाची राखण चुकली नाही.

भाषेची कथाही याच भूमीत उभी राहते. ज्या १५२६ साली मेशियाची सनद नोंदली गेली, त्याच साली केळोशीच्या कृष्णदास शामा याने ‘श्रीकृष्णचरित्रकथा’ हे मराठी काव्य रचण्यास आरंभ केला. एकाच वर्षीचे हे दोन दस्तऐवज आहेत. एक राज्यकर्त्याच्या भाषेत गावाचा कायदा सांगतो, दुसरा गावाच्या काव्यभाषेत देवाची कथा सांगतो. १५५६ साली जुन्या गोव्यात छापखाना आला. इंग्लंडात जन्मलेला जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात उतरला आणि त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली साष्टीतील रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. मराठी ओवीत लिहिलेल्या या पुराणात कोकणी वळणे जागोजाग आढळतात. त्याच स्टीफन्सचे कोकणीचे व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर, १६४० साली, प्रसिद्ध झाले. काव्य एका भाषेत आणि व्याकरण दुसऱ्या भाषेचे, ही गोष्ट गोव्यातील पुढच्या चार शतकांच्या वादाची नांदी म्हणावी लागेल. १६८४ साली राज्यकर्त्यांनी हुकूम काढला की, लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी. लोकांनी ती टाकली नाही. पण छापील ग्रंथांची परंपरा खुंटली आणि कोकणी दीर्घ काळ मुख्यतः घरात, शेतात आणि गाण्यात जगत राहिली.

अठराव्या शतकात, साधारण १७६३ ते १७८८ या काळात, फोंडे, डिचोली, सत्तरी, पेडणे, सांगे, केपे, काणकोण हे प्रदेश पोर्तुगीजांकडे आले. ही ‘नवी काबिजाद’. तोवर धर्मांतराचा जोर ओसरला होता. येथे देवळे राहिली, कीर्तन राहिले, मराठी पोथ्या राहिल्या. एका लहान प्रदेशात दोन गोवे तयार झाले ते असे. किनाऱ्यालगतचा, खाजणांचा, चर्चांचा गोवा आणि डोंगराकडील, रानांचा, देवळांचा गोवा. पर्यटकाचे चित्र पहिल्यापुरते असते. मराठी वाचकाचे चित्र बहुधा दुसऱ्यापुरते असते.

जमीन थोडी, बांधावर काम करणारे हात फार आणि राज्य मोडकळीस आलेले. जुने गोवे शहर रोगराईने ओस पडले आणि १८४३ साली पणजी अधिकृत राजधानी झाली. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारान्वये रेल्वेच्या बदल्यात मिठाच्या व्यवहारावर इंग्रजांचे नियंत्रण आले आणि मिठागरांवर जगणाऱ्यांची उपजीविका कोसळली. माणसे बाहेर पडू लागली. मुंबईत धोबीतलावच्या आसपास गावागावांच्या ‘कुडी’ निघाल्या. एका गावच्या माणसांनी चालवलेली ही वसतिस्थाने म्हणजे आम्हांस तर गांवकारीचाच शहरातील अवतार वाटतो. पहिले कोकणी तियात्र १७ एप्रिल १८९२ रोजी झाले ते मुंबईतच. कोकणीच्या आधुनिक गद्याचा पाया घालणारे शणै गोंयबाब, म्हणजेच वामन रघुनाथ वर्दे वालावलीकर, यांनीही आपले बहुतेक लेखन मुंबईत राहून केले. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, दीनानाथ मंगेशकर या नावांना जोडलेली गावेही गोव्यातली आहेत. मुंबईच्या चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदातील कितीतरी वादक गोव्यातील चर्चच्या शाळांत स्वरलेखन शिकून आलेले होते. पुढे आफ्रिका आली, जहाजांवरची नोकरी आली, आखात आले. दामोदर मावजो यांची ‘कार्मेलीन’ ही १९८१ ची कादंबरी कुवेतमध्ये घरकाम करणाऱ्या गोमंतकीय स्त्रीची आहे. ती वाचताना समुद्रकिनाऱ्यावरील सुखवस्तू गोव्याचे चित्र किती अपुरे आहे हे कळते.

विसाव्या शतकातील राजकारणाचा आढावा आता थोडक्यात घेऊ. १९१० साली पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आले आणि हिंदूंवरील जुनी बंधने सैल झाली. १९२८ साली त्रिस्तांव ब्रागांझ कुन्य यांनी गोवा काँग्रेस समिती स्थापन केली. १८ जून १९४६ रोजी राम मनोहर लोहिया यांनी मडगावात भर पावसात सविनय कायदेभंगाची हाक दिली. १५ ऑगस्ट १९५५ च्या सत्याग्रहात सीमा ओलांडणाऱ्यांवर गोळीबार झाला, तोही पावसाळ्यातच. भारतीय सैन्य आत आले ते डिसेंबरात आणि १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाले. १९६३ साली दयानंद बांदोडकर पहिले मुख्यमंत्री झाले. त्यांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षामागे जे बहुजन उभे राहिले, त्यांत जमीनदार आणि गांवकार यांच्या सत्तेखाली दबलेला कष्टकरी वर्ग मोठा होता. गावोगावी मराठी शाळा निघाल्या. त्या वर्गासाठी मराठी ही वर चढण्याची शिडी होती.

१६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हावे या बाजूने १,३८,१७० मते पडली, वेगळे राहावे या बाजूने १,७२,१९१. चौतीस हजारांच्या फरकाने गोवा वेगळे राहिले. महाराष्ट्रात आजही या निकालाविषयी बोलताना एक हळहळ ऐकू येते, जणू आपल्या घरातली वस्तू शेजाऱ्याने नेली. या हळहळीचा आपण मराठीच्या अभ्यासकांनी फेरविचार करावा असे आम्हांस मनापासून वाटते. विलीनीकरणाविरुद्ध ज्या वृत्तपत्राने जिवाचे रान केले ते मडगावचे ‘राष्ट्रमत’ मराठीत निघत होते. उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे गाजलेले सदर त्याच पत्रात येत होते. म्हणजे मराठीने मराठी राज्यास नकार दिला, आणि तो उत्तम मराठीत दिला. भाषेवरचे प्रेम आणि भूमीवरचा हक्क या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे गोमंतकीयांनी आपल्याला तेव्हाच समजावून सांगितले होते. १९८७ च्या फेब्रुवारीत राजभाषा कायदा झाला. देवनागरीतील कोकणी राजभाषा ठरली आणि मराठीच्या शासकीय वापराचीही सोय ठेवण्यात आली. रोमन लिपीत कोकणी लिहिणाऱ्यांची खंत राहिली, ती अजून आहे. त्याच वर्षी ३० मे रोजी गोवा भारताचे पंचविसावे राज्य झाले.

बाकीबाब बोरकर बोरी गावचे, जुवारीच्या काठचे. त्यांनी मराठीत आणि कोकणीत दोन्हींत लिहिले आणि ‘सासाय’ या कोकणी संग्रहाला १९८१ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आपल्या पाठ्यक्रमांत त्यांची केवळ मराठी कविता असते, आणि तीही निसर्गकविता म्हणून. एका कवीचे दोन तुकडे करून आपण अर्धाच कवी शिकवतो. रवींद्र केळेकर आणि दामोदर मावजो यांना ज्ञानपीठ मिळाले तेव्हा आपण अभिनंदन केले, परंतु देवनागरीत छापलेली, थोड्या सरावाने वाचता येणारी त्यांची मूळ पुस्तके आपल्यापैकी किती जणांनी उघडली, हा प्रश्न आम्ही स्वतःलाही विचारतो आणि उत्तर देताना संकोचतो.

मुक्तीनंतर पाण्याचे आणि बांधाचे काय झाले? १९६४ साली कूळकायदा आला आणि त्यातील पुढच्या दुरुस्तीने १९७६ साली कसणारा जमिनीचा मालक झाला. हा न्याय होता, आणि तो फार उशिरा झाला होता. परंतु बांध राखण्याची जबाबदारी गांवकारीकडून कुळांच्या संघांकडे गेली तेव्हा जुनी शिस्त मोडली आणि नवी पुरती बसली नाही. शेतीतून मिळकत थोडी, बाहेर नोकऱ्या अधिक. मानशीची दारे कुजली तरी लिलाव मासळीसाठी चालूच राहिला, कारण खारे पाणी आत आले तर मासळी वाढते. भगदाडे पडली, खारफुटी शेतात शिरली, कित्येक ठिकाणी खाजणे भरून इमारती उठल्या. डोंगरात लोहखनिजाच्या खाणी वाढल्या. पावसात खाणींची माती ओढ्यांतून शेतात उतरली. पुंडलीक नायक यांच्या ‘अच्छेव’ या १९७७ च्या कादंबरीत खाणीने उद्ध्वस्त केलेला गाव आहे. न्यायालयाने खाणकाम थांबवले ते पुष्कळ नंतर, २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली. कादंबरीकाराला जे पस्तीस वर्षे आधी दिसले, ते व्यवस्थेला दिसण्यास एवढा काळ लागला. आणि खाणी थांबल्या तेव्हा ट्रक, बार्ज आणि कर्जे घेऊन बसलेल्या हजारो घरांची चूल मंदावली, हीही या कथेची दुसरी बाजू आहे. याच दशकांत पर्यटन इतके वाढले की, राज्याच्या लोकसंख्येच्या कितीतरी पट माणसे आता दरवर्षी तेथे येऊन जातात. ती उन्हासाठी येतात.

तरीही पाऊस गोव्याच्या दिनक्रमातून गेलेला नाही. उन्हाळ्यात बेगमी करण्याला तेथे ‘पुरुमेंत’ म्हणतात. शब्द पोर्तुगीजातून आला, गरज मोसमी वाऱ्यांतून. सुकी मासळी, तांदूळ, मिरच्या, सोले, सरपण, सारे मे महिन्यात घरात आले पाहिजे. जत्रांतून आणि फेस्तांतून या खरेदीचा बाजार भरतो. २४ जूनला सांजांवाच्या दिवशी ख्रिस्ती तरुण डोक्यावर पानाफुलांचे मुकुट घालून विहिरींत उड्या घेतात. आषाढात माशेलला देवळासमोर चिखलकाला होतो. ऑगस्टात राय गावी कणसांचे फेस्त होते आणि नव्या भाताची लोंबी चर्चमध्ये नेली जाते. चतुर्थीला हिंदू घरांत ‘नवें’ येते आणि गणपतीवर रानफळांची माटोळी बांधतात. यावरून सर्वधर्मसमभावाचे गोड सुभाषित काढण्याचा मोह होतो. आम्ही तो टाळतो, कारण मध्ये इन्क्विझिशन आहे, जातीच्या भिंती आहेत, भाषेचे कडवट वाद आहेत. इतकेच म्हणता येईल की, या लोकांनी देव निरनिराळे मानले, पण कणसाला एकाच पावसाची वाट पाहावी लागली.

शेवटी एका गावाची गोष्ट. सांगे तालुक्यातील कुर्डी हे मोगूबाई कुर्डीकरांचे गाव. १९८० च्या दशकात साळावली धरणाच्या जलाशयात ते बुडाले. गावकरी दुसरीकडे वसवले गेले आणि त्या धरणाचे पाणी दक्षिण गोव्याच्या नळांना गेले. दरवर्षी उन्हाळ्यात जलाशय आटतो. मे महिन्यात कुर्डीची जमीन वर येते. घरांची जोती, वाटा आणि तळ्याच्या तळाची भेगाळलेली माती दिसू लागते. विखुरलेले गावकरी त्या दिवसांत तेथे परत येतात. सोमेश्वराच्या देवळात उत्सव होतो, कपेलात प्रार्थना होते. आपले घर कोठे होते ते वडीलधारी माणसे नातवंडांना दाखवतात. मग जून लागतो, पाणी चढते आणि गाव पुन्हा दिसेनासे होते.

गोव्यातील प्रखर ऊन असेही एक काम करते. हॉटेलांच्या किनाऱ्यापासून दूर, वर्षातून काही दिवस, ते एका बुडालेल्या गावावरचे पाणी दूर करते. गोव्यावरचे पुढचे पुस्तक वर्गात उघडताना कुर्डीची ही जमीन विद्यार्थ्यांना नकाशात दाखवावी, त्या पुस्तकाचे गाव कोणत्या पाण्याच्या काठी आहे ते विचारावे आणि मग पहिले पान वाचावे, एवढीच आमची शिक्षक-मित्रांना विनंती आहे.